बाद नाही रे, ऊठ

२४ मार्च २०२०, मंगळवार. स्कोफिल्ड्स, सिडनी.

कालपासून रग्बी लीग बंद. जगात सगळंच बंद पडतंय, पण आमच्या घरात त्याचा अर्थ एवढाच की कर्त्या मुलाच्या दुकानाला कुलूप लागलं. अवधूत सकाळी दहाला बर्म्युडावर सोफ्यात पसरून टोस्ट खात होता. सीझन चालू असताना मंगळवारी या वेळी तो घरात दिसल्याचं मला आठवत नाही. मी म्हटलं, "काय प्रॉपसाहेब, आज काय?" म्हणाला, "आज निल, बाबा." आणि मोठ्याने हसला. बिचारा दुःख लपवतोय, दुसरं काय.

ही वही सुनेने दिली. रुचा पुण्याची, इथे शिकायला आली आणि आमच्या गळ्यात पडली, किंवा आम्ही तिच्या. म्हणाली, "बाबा, तुम्ही दिवसभर बातम्या लावून सगळ्यांचं बीपी वाढवताय. त्यापेक्षा काहीतरी लिहा." मी सिडनीत वर्षानुवर्षं बस चालवली. मराठीत शेवटचं काय लिहिलं होतं देव जाणे. पण एक बरं आहे. या घरात मराठी वाचता येणाऱ्या दोघीच, सून आणि बायको. सुनेला वेळ नाही आणि शोभाला चष्मा सापडत नाही. त्यामुळे मनातलं बिनधास्त लिहायला हरकत नाही.

तर नोंद करून ठेवतो. माझा मुलगा अवधूत पद्माकर पाटील, वय बत्तीस, व्यवसाय रग्बी लीग. फॉरवर्ड, त्यातही प्रॉप. प्रॉप म्हणजे टेकू, आणि काम नावाप्रमाणेच. चेंडू छातीशी धरून सरळ समोरच्या माणसांच्या भिंतीत घुसायचं. तिघेचौघे अंगावर पडतात, खाली आपटतात. मग उठायचं, पायाने चेंडू मागे सरकवायचा, परत धावायला तयार. असं सहा वेळा पकडलं जाईपर्यंत चेंडू आपल्याकडे. टाळ्या मिळतात त्या कडेने पळणाऱ्या हलक्या पोरांना. टेकूला मिळतो बर्फ, पाठीला लावायला.

आता कळेल किती दिवस घरी बसतोय ते.

४ एप्रिल, शनिवार

आज आवरताना शोभाला अवधूतची पहिली जर्सी सापडली. तिने ती नात सुरुचीला घातली तर बरोबर बसली. सुरुची आठ वर्षांची, आणि तो ती घालून पहिली मॅच खेळला तेव्हा तोही आठ वर्षांचाच होता. मग काय, माझं सुरू झालं. शोभा म्हणाली, "लिहा आता ते, सगळ्यांना शंभरदा सांगून झालंय."

ब्लॅकटाउनला राहायचो तेव्हा. अवधूतला मी मागच्या अंगणात कबड्डी शिकवली होती. मी मूळचा पेणचा, आमच्याकडे मूल चालायला लागलं की त्याला घोटा कसा धरायचा ते दाखवतात. आणि कबड्डीचा पहिला नियम मी त्याच्या डोक्यात पक्का बसवला होता. पकडला गेलास की बाद. बाद झालास की मुकाट्याने बाहेर जाऊन बसायचं, पंचाशी हुज्जत घालायची नाही.

शाळेतल्या एका मित्राच्या नादाने तो लीग खेळायला गेला. थंडीतली शनिवारची सकाळ, गवतावर पांढरं दव, शोभाने डब्यात उपमा भरलेला. याच्या हातात चेंडू आला. पळाला झकास. पुढच्या तीन पोरांनी त्याला लोळवलं. हा उठला, गुडघे झटकले, चेंडू नीट गवतावर ठेवला आणि मान खाली घालून मैदानाबाहेर येऊन बसला. समोरच्या टीमने तो चेंडू उचलून आरामात आमच्या रेषेपलीकडे टेकवला, म्हणजे ट्राय केला.

कोच दाढीवाला, मनाचा चांगला. धावत आला, गुडघ्यावर बसला. "व्हॉट हॅपन्ड, मेट?" हा रडत रडत म्हणतो, "आय अ‍ॅम बाद."

कोचला ऐकू आलं बॅड. "नो, मेट. यू'र नॉट बॅड. यू'र गोइंग रिअल गुड."

"नो. आय अ‍ॅम बाद. दे कॉट मी."

त्या बाबाने पोराला मिठीत घेतलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पोराला घरी रोज वाईट वाईट म्हणून झोडपतो. मला हसावं की रडावं कळेना. मी दोरी ओलांडून आत गेलो आणि सांगितलं, "अरे, इथे पकडलं तरी बाद नसतं. इथे उठायचं आणि परत खेळायचं."

त्याला काही पटलं नाही. "कितीदा?"

"शिट्टी वाजेपर्यंत."

त्यानंतर प्रत्येक मॅचला तो खाली पडला की मी रेषेवरून ओरडायचो, "बाद नाही रे, ऊठ!" आणि तो उठायचा. पुढे पुढे तर सामोआच्या पोरांचे बापसुद्धा माझ्यासोबत "बाद नाय रे" करून ओरडायला लागले. मग तो मोठा झाला, मोठ्या स्टेडियमवर गेला. तिथे हजारो लोकांच्या गोंगाटात माझा आवाज कुठला पोचायला. तरी मी ओरडतोच. सवय आहे.

सुरुचीने जर्सी काढायला नकार दिला. त्यातच झोपली.

१९ एप्रिल, रविवार

मुंबईहून प्रतापचा व्हिडिओ कॉल. मुंबईत असताना कंपनीच्या कबड्डी टीममध्ये मी उजवा कोपरा आणि प्रताप माझ्या शेजारी, साखळी धरून. त्याची बिल्डिंग सील केली आहे. तोंडाला रुमाल बांधून घरातच बसला होता, म्हटलं अरे फोनवर काढ तो. म्हणाला, "राहू दे रे, दात काढलेत."

खूप जुनं निघालं. मातीची मैदानं, हॅलोजन, गुडघ्यावरची खपली, जिंकल्यावर मिळालेली स्टीलची पातेली. मग त्याने नको तेच काढलं. "पद्या, तुझी शेवटची मॅच कोणती रे?"

मला माहीतच नाही. म्हणजे खेळलो ती शेवटची आहे हे मला कोणी सांगितलंच नाही. पुढच्या स्पर्धेला बनियन वाटले, माझ्या नंबरचा बनियन एका नव्या पोराच्या अंगात होता. कोणी काही बोललं नाही. मीही विचारलं नाही. थोडा वेळ उभा राहिलो आणि चपला घालून घरी आलो. प्रताप म्हणाला, "आम्हाला तुझ्याकडे बघवेना, म्हणून कोण बोललं नाही." इतक्या वर्षांनी सांगतोय लेकाचा.

मग म्हणाला, "तुझ्या पोराचं शेवटचं झोकात कर बाबा. तुडुंब भरलेलं मैदान पाहिजे."

ते माझ्या मनात बसलंय. या वर्षी मॅच झाल्या तरी लोकांशिवाय होणार म्हणतात. रिकाम्या खुर्च्यांसमोर माझ्या मुलाने निरोप घ्यायचा? छे. याचं कॉन्ट्रॅक्ट या सीझनला संपतं. पण अजून एक वर्ष त्याने खेळलंच पाहिजे.

१० मे, रविवार

ट्रेनिंग परत सुरू झालं. नियमांचा हा एवढा गठ्ठा आला आहे. घरी कोणी यायचं नाही, याने कुठे जायचं नाही, रोज सकाळी ताप बघून अ‍ॅपवर टाकायचा. आम्ही मागच्या अंगणातल्या छोट्या घरात, म्हणजे ग्रॅनी फ्लॅटमध्ये राहतो म्हणून एकाच घरातले धरले गेलो, नाहीतर पोराचं तोंड दिसलं नसतं.

घरी बसून हा जरा बिघडलाय. चहाचा कप डाव्या हातात धरतो. दाढी डाव्या हाताने करतो आणि गालावर कापून घेतो. मी विचारलं तर म्हणाला, "ट्रेनिंग आहे, बाबा. दोन्ही हात सारखे पाहिजेत." हे मला आवडलं. बत्तिसाव्या वर्षी माणूस नवीन काही शिकतोय म्हणजे त्याच्यात अजून खेळ शिल्लक आहे. शोभाला हे म्हटलं तर ती भाजी निवडत राहिली. तिला खेळातलं काही कळत नाही.

३० मे, शनिवार

लीग सुरू. आज अवधूतची मॅच. स्टेडियममध्ये माणूस नाही, टीव्हीवाले रेकॉर्ड केलेला गोंगाट लावतात. लग्नात टेपवर सनई लावल्यासारखं वाटत होतं.

पण मी होतो तिथे. म्हणजे माझा पुठ्ठा होता. फोटो पाठवला की तुमचा पुठ्ठ्याचा पुतळा खुर्चीत बसवतात. रुचाने माझा आणि शोभाचा पाठवला. माझा फोटो बसच्या युनिफॉर्ममधला आणि शोभाचा पासपोर्टवरचा, त्यामुळे ती अशी दिसत होती की हिला जबरदस्तीने मॅचला आणून बसवलंय. सुरुची टीव्हीला नाक लावून शोधत होती. "देअर! आजोबा इज नेक्स्ट टू अ डॉग!" खरंच, माझ्या शेजारी कोणाचा तरी कुत्रा होता, पुठ्ठ्याचा.

अवधूत बरा खेळला. एकदा जोरात आपटला आणि उठताना डाव्या हाताने उजवं कोपर धरून उठला. मी टीव्हीसमोर ओरडलो. तो उठला. टीव्हीवर वेळाने दाखवतात, तो आधीच उठलेला असणार, हे मला कळतं. तरी बरं वाटलं.

१४ जून, रविवार

मुलगा आईला फार चिकटलाय. मी कधीही ग्रॅनी फ्लॅटमध्ये शिरावं तर हा खुर्चीत बसलेला आणि शोभा त्याच्या मानेला ओव्याच्या पुरचुंडीने शेकतेय. मी आलो की दोघं गप्प. मी म्हटलं, "चालू द्या, चालू द्या, लाडोबा." क्लबमध्ये एवढे फिजिओ ठेवलेत, आणि याला आईची पुरचुंडी लागते.

लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडेना म्हणून सुरुचीने त्याच्याकडे नेलं. त्याने ते शोभाकडे सरकवलं. शोभाने उघडलं. मी एवढा हसलो. म्हटलं, "शंभर किलोच्या वरचा गडी, आणि झाकण आई उघडणार." तोही हसला.

५ जुलै, रविवार

आज प्रत्यक्ष गेलो. आता थोड्या लोकांना सोडतात, दर दोन-तीन खुर्च्यांनंतर एक माणूस, हाताला सॅनिटायझर, मास्क लावला तर उत्तम. एरवी तुडुंब असणारं ग्राउंड विरळ विरळ. वारा ऐकू येत होता. खेळाडू एकमेकांना शिव्या देतात तेही ऐकू येत होतं. शोभाने बरं केलं नाही आली ते.

आणि एक गोष्ट झाली. अवधूत खाली पडला, वर तिघं. मी सवयीने ओरडलो, "बाद नाही रे, ऊठ!" आणि माझा आवाज त्या मोकळ्या स्टँडमधून थेट आत गेला. तिघांच्या खालून त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. बरोबर माझ्याकडे. मग उठला.

त्याच्या लहानपणानंतर पहिल्यांदा त्याला माझं ऐकू गेलं. मला भरून आलं. मास्कमुळे कोणाला कळलं नाही, तेवढा मास्कचा उपयोग.

घरी येताना पेंडल हिलला थांबलो. वाणसामानाच्या दुकानात अवधूतचा फोटो लावलाय, तांदळाच्या पोत्यांच्या वर. दुकानदार पंजाबी. म्हणाला, "अंकल, अगले साल भी खेलेगा ना हमारा शेर?" मी म्हटलं, "बिलकुल."

२३ ऑगस्ट, रविवार

क्लबने विचारलं. अजून एक वर्ष! कागद ईमेलवर आलाय. मी प्रतापला लगेच फोन लावला. पुढच्या वर्षी लस येईल, लोक येतील, आणि भरल्या मैदानात माझा मुलगा निरोप घेईल. प्रतापचे डोळे भरले. किंवा त्याचं नेटवर्क गेलं, कळलं नाही.

पण आमचे चिरंजीव सही करत नाहीत. "करतो, बाबा. घाई काय?" मी म्हटलं, "घाई काय म्हणजे? त्यांनी उद्या दुसरा टेकू आणला म्हणजे?" तर म्हणतो, "आणू दे की." असं बोलायचं असतं का? मी संतापलो. रुचा मध्ये पडली, "बाबा, त्याला थोडा विचार करू दे." यात विचार कसला करायचा? मला त्यांनी एक वर्ष दिलं असतं तर मी पेणपर्यंत नाचत गेलो असतो.

सुरुची म्हणाली, "डॅड्स हँड गोज टू स्लीप, आजोबा. दॅट्स व्हाय ही कान्ट राइट."

मी म्हटलं, "मुंग्या सगळ्यांच्याच हाताला येतात, बाळा. झटकायच्या आणि सही करायची."

२४ सप्टेंबर, गुरुवार

आजचा दिवस फार छान गेला. अवधूतला सुट्टी होती, हवा वसंताची. सुरुची म्हणाली, कबड्डी शिकव. मागच्या अंगणात पाण्याच्या पाइपने रेषा आखली. मी चढाई करणार, अवधूत पकडणार, सुरुची पंच. शोभा खिडकीतून ओरडत होती, गुडघे मोडून घ्याल म्हणून. मी कबड्डी कबड्डी म्हणत रेषेपलीकडे गेलो. दम कसला राहिलाय, तीनदा म्हणेपर्यंत धाप लागली. अवधूत खाली बसून सरकला आणि त्याने माझा घोटा धरला. अगदी मी शिकवला तसा, उजव्या हाताचा पंजा घोट्यामागून. माझ्या तोंडून आपोआप शाबास निघालं.

आणि मी पाय ओढला आणि सुटलो. सुटलो, चालत रेषेवर आलो. सुरुची नाचायला लागली, "आजोबा वन! डॅड इज बाद!"

पोराने मला सोडलं. म्हाताऱ्याला जिंकू दिलं. केवढं प्रेम म्हणायचं. प्रतापला हे सांगायलाच पाहिजे.

२५ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी चहा घेताना शोभाला परत तेच सांगत होतो. कसा त्याने घोटा धरला, कसा हलकेच सोडला. ती कणीक मळत होती. थांबली. हात तसेच परातीत. म्हणाली, "अहो, त्याने तुम्हाला सोडलं नाही. त्याला धरताच आलं नाही."

मी म्हटलं, म्हणजे काय?

मग तिने सांगितलं. मानेतल्या मणक्याची गादी सरकली आहे. नस दाबली जाते. उजवा हात दंडापासून बोटांपर्यंत बधिर होतो, कधी तासभर, हल्ली दिवस दिवस. सीझनच्या आधीपासून आहे. बाहेरच्या एका डॉक्टरला गुपचूप दाखवलं, तो म्हणाला, एखादा फटका वेडावाकडा बसला तर हात कायमचा जाईल, कदाचित त्याहून वाईट. क्लबमध्ये याने सांगितलेलं नाही. रुचाला माहीत, शोभाला माहीत. आठ वर्षांच्या पोरीला माहीत.

"मला कोणी सांगितलं नाही," मी म्हटलं.

"तुमच्याकडे बघवत नव्हतं," शोभा म्हणाली. "तुम्ही एवढे खूश होतात."

ही वही मागे चाळली. कप, दाढी, बरणी, पुरचुंडी. सगळं मीच लिहिलंय. माझ्याच अक्षरात आहे.

बस चालवताना आरशात मागचं सगळं दिसायचं मला. घरात काय झालं होतं मला, कळत नाही. आज काही खाल्लं नाही.

२६ सप्टेंबर, शनिवार

अवधूत गॅरेजमध्ये उद्यासाठी बूट पुसत होता, डाव्या हाताने. मी त्याच्या शेजारी खोक्यावर बसलो.

म्हटलं, "आईने सांगितलं."

"हं."

"उद्या खेळू नकोस."

"टीम लागलीय, बाबा. दोन फॉरवर्ड आधीच इन्जर्ड आहेत. उद्या लास्ट राउंड. सुरुवातीची वीसेक मिनिटं खेळतो, सोमवारी डॉक्टरला सांगतो. प्रॉमिस."

"आणि ते कॉन्ट्रॅक्ट?"

तो बूट पुसत राहिला. मग म्हणाला, "तुला फुल स्टेडियम पाहिजे ना."

म्हटलं, "तुला काय पाहिजे?"

"मला कळत नाही, बाबा. खरंच. मी आठ वर्षांचा असल्यापासून पडलो की उठतो. आय डोन्ट नो हाऊ टु नॉट गेट अप. तू ऊठ म्हणतोस, मी उठतो. गर्दीत ऐकू यायचं नाही ना, तरी मला माहीत असायचं की तू म्हणत असशील."

त्याला जवळ घेतलं. केवढा थोरला झालाय, दोन्ही हातांत मावत नाही. त्याचा उजवा हात माझ्या पाठीवर होता आणि त्यात काही जोर नव्हता.

उद्या जाऊ नकोस म्हणून मी अजून एकदा सांगितलं. तो म्हणाला, "वीस मिनिटं, बाबा." मी जास्त ताणलं नाही. ताणायला पाहिजे होतं का, मला समजत नाही.

२७ सप्टेंबर, रविवार

घरी येऊन चहा घेतला आणि लगेच लिहायला बसलोय.

दुपारची मॅच. ऊन चांगलं होतं. विरळ लोक. माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून एक गोरा आजोबा, क्लबच्या स्कार्फमध्ये, मांडीवर पाय. पाय म्हणजे खायचा, मटणाचा. आम्ही एकमेकांना मान हलवून नमस्कार केला.

पहिल्या दहा मिनिटांत अवधूत तीनदा घुसला. तिन्ही वेळा उठला. मी गप्प होतो. तोंडावर हात घट्ट धरून बसलो होतो. चौथ्यांदा चेंडू घेतला आणि समोरून दोघांनी एकदम वर धरला, तिसरा मागून. मान वाकडी झाली. खाली आला तो एका कुशीवर. तिघे बाजूला झाले.

तो गुडघ्यावर आला. उजवा हात नुसता लोंबत होता. डाव्या हाताने चेंडू धरला होता. आणि तो स्टँडकडे बघायला लागला. मला शोधत होता. मला बरोबर ठाऊक होतं तो कशाची वाट बघतोय ते.

मी उभा राहिलो. सगळा दम घेतला, चढाईला घेतात तसा.

"बाद!" मी ओरडलो. "अवधूत, बाद! बाद रे! ये बाहेर!"

गेला आवाज. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला. तो माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या टीममधली पोरं "गेट अप, गेट अप" म्हणून ओरडत होती. त्याने चेंडू गवतावर ठेवला. नीट ठेवला, लवंडू नये असा. मग उभा राहिला, डाव्या हाताने गुडघे झटकले आणि मान खाली घालून मैदानाबाहेर चालत आला. रेफरीने हात वर केले, काय चाललंय त्याला कळेना. चेंडू समोरच्या टीमला गेला. जाऊ दे.

मी ओरडतच होतो. "बाद! बाद!" डोळ्यांपुढे काही दिसत नव्हतं. शेजारच्या आजोबाने पाय खाली ठेवला आणि जरा रागानेच म्हणाला, "फेअर गो, मेट. ही'ज नॉट बॅड. ट्वेल्व्ह यर्स ही'ज गिव्हन अस. बेस्ट प्रॉप वी एव्हर हॅड."

मी त्याला समजावणार होतो की बाद म्हणजे बॅड नाही, बाद म्हणजे तुझं काम झालं, आता ये आणि बस. पण इंग्रजी सुचेना. एवढी वर्षं या देशात काढली आणि एक वाक्य सुचेना. मी म्हटलं, "आय नो, मेट. ही'ज माय सन."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग उभा राहिला आणि टाळ्या वाजवायला लागला. त्याच्या मागचे दोघे उभे राहिले. मग आणखी काही, लांब लांब, प्रत्येक जण आपापल्या खुर्चीपाशी. तुडुंब नव्हतंच. जेवढे होते तेवढे सगळे उभे होते.

अवधूत टचलाइनपाशी आला. डॉक्टर त्याच्याकडे धावला. बाकड्यावर बसायच्या ऐवजी तो खाली गवतावरच बसला, रेषेच्या बाहेर, मांडी घालून. मग त्याने स्टँडमध्ये माझ्याकडे बघून डावा हात वर केला. डॉक्टर त्याच्या उजव्या हाताची बोटं एकेक करून दाबत होता, आणि तो त्याला काहीतरी सांगत होता. बराच वेळ सांगत होता.

आत्ता तो बाहेर अंगणात बसलाय, मानेला पट्टा. उद्या स्कॅन आहे. सुरुची त्याच्या शेजारी बसून त्याचा उजवा हात आपल्या मांडीवर घेऊन बोटं मोजतेय. मी खिडकीतून विचारलं, "चहा टाकू का रे?"

म्हणाला, "टाक. पण अर्धाच कप भर, बाबा. डाव्या हाताने सांडतो."